शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाचनालय: बालविभाग कसा उभारावा आणि कसा चालवावा

महाराष्ट्रातील पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग असतो, पण तो ज्या मुलाला वाचता येते त्याच्यासाठी असतो. तिसरी-चौथीच्या पुढील मुलांना तिथे शूरांची चरित्रे, विज्ञानाची पुस्तके आणि मासिके मिळतात. दीड वर्षाचे मूल कडेवर घेऊन आलेल्या आईच्या हाती देण्यासारखे मात्र त्या कपाटात सहसा काही नसते. मूल वाचायला लागले की वाचनालयात येईल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत पुस्तक उघडून त्यावर बोलणे होत असते, त्या घरातील मुलाला शाळेतले वाचन तुलनेने सोपे जाते आणि पुढे ते वाचनालयाकडे आपणहून वळते. ज्या वाचनालयांना या वयोगटासाठी काही करायचे आहे, त्यांच्या ग्रंथपालांसाठी आणि कार्यकारी मंडळासाठी हा लेख आहे. पालकांना आणि अंगणवाडीताईंनाही त्यातून काही घेता येईल.

या कामाला लागणाऱ्या वाचनालयांच्या आणि बालवाड्यांच्या दोन्ही परंपरा आपल्याकडे जुन्या आहेत. फक्त त्या वेगळ्या वाटांनी आल्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तर महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे आज गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची सुरुवात केली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत कामाला लागल्या, आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यावी, हा विचार त्या कामातून पुढे आला. वाचनालयांपाशी पुस्तके होती, बालवाड्यांपाशी मुले होती, आणि दोघांची गाठ क्वचितच पडली. आता ती घालून द्यायची आहे.

आधी काय समजून घ्यावे

प्रारंभिक साक्षरता म्हणजे लवकर अक्षरे शिकवणे नव्हे. मुलाला पुष्कळ शब्द माहीत असणे, कोणी सांगितलेली गोष्ट क्रमाने लक्षात ठेवता येणे, बोललेल्या शब्दाचे ध्वनी कानाने वेगळे करता येणे, पुस्तक कुठून उघडायचे आणि ओळ कुठून कुठे जाते हे पाहून पाहून कळलेले असणे, आणि पुस्तक हाती आले की आता काहीतरी छान होणार अशी ओढ वाटणे, या सगळ्यांची मिळून ती बनते. अक्षरओळख यानंतर येते. मराठीत ही बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण देवनागरी लिपीत मात्रा अक्षराच्या वर, खाली आणि मागे लागतात, तर पहिली वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लिहिताना आधी येते. ज्या मुलाचे कान ध्वनींना सरावलेले नाहीत, त्याला ही व्यवस्था पाठ करून घ्यावी लागते. सरावलेल्या मुलाला तिचा अर्थ लागत जातो. म्हणून वाचनालयाने बाराखडीचे वर्ग घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. ते काम शाळेचे आहे आणि शाळा ते करतेच.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’ नावाचा कार्यक्रम चालवला आहे. त्याच्या २०११ च्या सुधारित आवृत्तीत पालकांना पाच गोष्टी सांगितल्या आहेत: मुलाशी बोलावे, गावे, वाचावे, त्याला लिहू-रेघोट्या मारू द्यावे आणि त्याच्याबरोबर खेळावे. या यादीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो त्या कार्यक्रमाचा रोख. ग्रंथालयात मूल आठवड्यातून फार तर तासभर येते, घरी ते उरलेला सारा वेळ असते. म्हणून ग्रंथालयाने आपले लक्ष मुलाला घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसावर ठेवावे, असे तो सांगतो. या विभागाचा वाचक म्हणजे एकटे मूल नाही. मूल आणि त्याची आई, आजोबा, मावशी किंवा दादा अशी जोडी म्हणजे एक वाचक. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी: कार्यकारी मंडळाचा ठराव

पुस्तके आणण्याआधी कार्यकारी मंडळाच्या सभेत तीन निर्णय लेखी ठरावाने करून घ्यावेत, कारण हे तिन्ही निर्णय न झाल्यास पुढे सगळा विभाग कपाटाला कुलूप लावून बंद होतो.

पहिला निर्णय म्हणजे सभासदत्वाला वयाची किमान अट नसावी. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे सूत्र पुष्कळ वाचनालयांच्या भिंतीवर लिहिलेले असते. त्यात वाचकाचे वय सांगितलेले नाही. दुसरा निर्णय अनामत रकमेचा. या विभागासाठी अनामत घेऊ नये आणि वर्गणीही शक्यतो नसावी. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला रकमेपेक्षा ती परत मिळेल की नाही ही धास्ती जास्त अडवते.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड आहे: फाटलेल्या, चावलेल्या, भिजलेल्या पुस्तकाचा दंड नाही. सात-आठ महिन्यांचे बाळ पुस्तक तोंडात घालणारच, कारण त्या वयात वस्तू ओळखण्याची तीच रीत असते. एकदा दंड झाला की ते घर पुन्हा येत नाही, आणि पुढच्या वेळी पुस्तक घरी नेलेच तर ते फळीवर उंच ठेवले जाते. ग्रंथपालांना इथे दाखल नोंदवहीची (जिच्यात प्रत्येक पुस्तकाची नोंद असते) आणि लेखापरीक्षणाची काळजी वाटते व ती रास्त आहे. यावर उपाय असा की तान्ह्या आणि रांगत्या मुलांची पुस्तके शक्यतो देणगीतून घ्यावीत, त्यांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी, आणि वर्षातून एकदा खराब झालेल्या प्रतींचे निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून कमी करणे, मंडळाच्या मंजुरीने करावे. अनुदानातून घेतलेल्या प्रतींबाबत आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधीच विचारून त्यांचे उत्तर लेखी घ्यावे. काम सुरू झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेले नेहमी बरे पडते.

जागा

स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. आठ फूट बाय दहा फूट जागा, खाली जाड सतरंजी, बाजूला चपला काढण्याची सोय आणि हवेशीर खिडकी एवढ्यावर सुरुवात होते. हा कोपरा वृत्तपत्र वाचनाच्या टेबलांपासून शक्य तितका लांब असावा, म्हणजे ‘शांतता राखा’ या पाटीशी त्याचे भांडण होणार नाही. ते होणारच असेल, तर विभागासाठी वाचनालयाच्या नेहमीच्या वेळेबाहेरचा तास ठरवावा.

मांडणीची उंची ही इथली मुख्य गोष्ट आहे. फळी जमिनीपासून दोन-अडीच फुटांपेक्षा उंच नसावी आणि पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवावीत, कारण न वाचणारे मूल पुस्तक चित्रावरून ओळखते; पुस्तकाचा कणा त्याला काहीच सांगत नाही. फळी करून घेणे जमत नसेल तर भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट स्वच्छ करून वापरावेत, किंवा भिंतीला कमरेच्या उंचीवर सुतळी बांधून पुस्तके मधोमध उघडून तिच्यावर घालावीत. काचेचे कपाट इथे चालत नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावाने २०१७ पासून घराघरांतील खोल्या पुस्तकांसाठी उघड्या केल्या आहेत. येणारा कोणीही हात लावून पुस्तक घेऊ शकतो. पणजीला जाणे झाले तर १८३२ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा बालविभागही मंडळाच्या सदस्यांनी पाहून यावा.

पिण्याचे पाणी, जवळचे स्वच्छतागृह आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईसाठी आडोशाची एक खुर्ची या गोष्टी पुस्तकांइतक्याच आवश्यक आहेत. त्या नसल्या तर कुटुंब एकदा येते, पुन्हा येत नाही.

पुस्तकांची निवड

सुरुवातीला शंभर ते दीडशे पुस्तके पुरतात, मात्र ती वयानुसार विचार करून घेतलेली असावीत. एकाच वेळी पुष्कळ वेगवेगळी पुस्तके घेण्यापेक्षा जी मुलांना आवडतात त्यांच्या दोन-तीन प्रती घेणे शहाणपणाचे आहे, कारण या वयातील मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते आणि त्या पुनरावृत्तीतूनच शिकते.

एक वर्षाच्या आतील बाळासाठी कापडी किंवा जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तके घ्यावीत. नवजात बाळाला साधारण वीतभर ते फूटभर अंतरावरचे नीट दिसते आणि ठळक, विरोधी रंगांच्या आकृत्या त्याचे लक्ष वेधतात. म्हणून पानावर एकच मोठे चित्र असलेली पुस्तके योग्य. एक ते तीन वर्षांच्या मुलांना रोजच्या जगण्यातील चित्रे हवी असतात: अंघोळ, जेवण, मांजर, एसटी, पाऊस. पानावर एक-दोन ओळी पुरे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खरी गोष्ट लागते, जिच्यात काहीतरी घडते, अडचण येते, पुन्हा पुन्हा येणारे एखादे वाक्य असते जे मुले तुमच्याबरोबर म्हणू लागतात. शब्द नसलेली चित्रपुस्तके प्रत्येक गटात असावीत. ज्या पालकाला वाचता येत नाही त्याच्या हाती ती दिली, तर तो मुलासमोर अवघडत नाही आणि चित्रावरून गोष्ट सांगू लागतो.

मराठीत अशी पुस्तके नाहीत, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तूलिका, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे लहान मुलांची मराठी चित्रपुस्तके मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. निर्मात्यांचे श्रेय कायम ठेवून त्या छापता येतात. चांगल्या रंगीत छपाईवर त्या काढून, लॅमिनेशन करून आणि स्पायरल बांधणी करून घेतल्यास पुस्तक बरेच दिवस टिकते. पुठ्ठ्याची जाड पुस्तके मराठीत अजून कमी आहेत, हे मात्र खरे. तिथे इंग्रजी पुस्तक घेऊन चित्रावर मराठीत बोलावे. त्यासाठी इंग्रजी मजकुरावर चिकटपट्टीने मराठी ओळ लावली तरी चालते.

निवड करताना चित्रांकडे कसून पाहावे. आई नेहमी स्वयंपाकघरात आणि बाबा नेहमी कार्यालयात अशी चित्रे, गोरी राजकन्या आणि काळा राक्षस, किंवा प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चिकटवलेले तात्पर्य अशी पुस्तके देणगीत ढिगाने येतात. ती नम्रपणे परत करावीत. देणगीदाराला त्याऐवजी हव्या असलेल्या पुस्तकांची यादी द्यावी. बहुतेक लोक आनंदाने यादीप्रमाणे आणतात.

पैशांसाठी आणखी एक दार आहे. केंद्र सरकारने १९७२ मध्ये कोलकाता येथे स्थापन केलेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके आणि साधनसामग्रीसाठी साहाय्य देते, आणि त्याच्या योजनांत मुलांच्या विभागासाठीचे साहाय्यही आहे. अर्जाची रीत आणि त्या वर्षीचे नियम जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारावेत.

गोष्टीचा तास

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गोष्टीचा तास घ्यावा. शहरात रविवारची सकाळ सोयीची असते. गावात आठवडी बाजाराचा दिवस उत्तम, कारण त्या दिवशी आसपासच्या वाड्यांतील कुटुंबे तशीही गावात येतात. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत वेळ संध्याकाळी न्यावी, पण दिवस बदलू नये. सुरुवातीला दोनच कुटुंबे आली तरी तास व्हावा.

मुलाला सोडून निघून जाण्याची मुभा नसावी. हा नियम पहिल्याच दिवशी प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगावा. मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा शेजारी बसेल, आणि मोठे माणूस गाण्यात, टाळ्यांत, हातवाऱ्यांत भाग घेईल. दहा-बारा जोड्यांपेक्षा अधिक झाल्यास दोन गट करावेत.

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी नावाला तास असला तरी कार्यक्रम पंचवीस-तीस मिनिटांचाच असावा. सुरुवात नेहमी एकाच स्वागतगीताने करावी, ज्यात प्रत्येक मुलाचे नाव येईल. मग एक छोटे पुस्तक. त्यानंतर उठून, हलून म्हणायचे बडबडगीत, मग बोटांचा खेळ, मग दुसरे पुस्तक, आणि शेवटची दहा मिनिटे प्रत्येक जोडीने आपापले पुस्तक घेऊन बसायचे. हाच शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि वेळ कमी पडला की नेमका तोच गाळला जातो. तो गाळू नये. त्या दहा मिनिटांत ग्रंथपालाने हळूच फिरावे, कोणाला पुस्तक सुचवावे, एखादी आजी चित्रावर सुंदर बोलत असेल तर तिथे थांबून ऐकावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा तास चाळीस मिनिटांपर्यंत चालू शकतो आणि त्यात एक पुस्तक मोठे घेता येते. तेच पुस्तक सलग दोन-तीन आठवडे वाचावे. पहिल्या आठवड्यात मुले ऐकतात, दुसऱ्या आठवड्यात पुढे काय येणार ते सांगतात, तिसऱ्या आठवड्यात गोष्ट स्वतः सांगू लागतात.

गाण्यांसाठी बाहेर शोधण्याची गरज नाही. बोटे मोजत म्हणायची गाणी, बाळाला पायांवर झुलवत म्हणायची गाणी, पाळणे, भोंडल्याची गाणी यांचा साठा गावातील आजींकडे आहे. त्यांना एक दिवस बोलावून ती लिहून घ्यावीत, मोठ्या अक्षरांत तक्त्यावर उतरवावीत आणि म्हणताना ओळीखालून बोट फिरवावे. यमकाने मुलांचे कान तयार होतात. ओळ डावीकडून उजवीकडे जाते हेही त्यातूनच कळते. पाच वर्षांच्या पुढील मुलांबरोबर भेंड्या खेळाव्यात. शब्दाचा शेवटचा ध्वनी पकडण्याचा इतका चांगला सराव दुसऱ्या खेळात क्वचितच मिळतो.

पुस्तक वाचताना ते छातीसमोर न धरता बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत धरावे. मुखपृष्ठ दाखवावे, शीर्षकाखालून बोट फिरवून ते वाचावे, लेखक आणि चित्रकार यांची नावे सांगावीत. मग वाचनाच्या ओघात अधूनमधून थांबून विचारावे. काय विचारावे यातच सारे आहे. समजा, पानावर एक आजी गच्चीवर पापड वाळत घालते आहे आणि कठड्यावर कावळा बसला आहे. ‘कावळा कुठे आहे?’ असे विचारले तर मूल बोट दाखवते आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी संवाद असा नेता येतो:

‘आता हा कावळा काय करणार असेल गं?’

‘पापड.’

‘हो, पापड पळवणार! चोचीत धरून मोठ्ठा पापड पळवणार. आणि मग आजी काय म्हणेल?’

मोठ्या माणसाने इथे आधी मोकळा प्रश्न विचारला, मुलाचे एका शब्दाचे उत्तर मान्य केले, त्याच शब्दाचे पूर्ण वाक्य करून परत दिले आणि पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचे, हेही त्यात आले. लहान मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण बहुतेक वेळा त्याआधीच उत्तर देऊन टाकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना पुस्तक असे संवादातून वाचायला शिकवले, आणि महिन्याभरातच त्या मुलांची भाषा नुसते वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचे दिसले. ही पद्धत शिकवण्यासाठी पालकांची वेगळी कार्यशाळा घेण्याची गरज नाही. ग्रंथपालाने दर आठवड्याला ती समोर करून दाखवावी आणि शेवटी एकच वाक्य पालकांशी बोलावे: ‘आज मी प्रश्न विचारून थांबत होते, ते तुम्ही पाहिलंत ना? या आठवड्यात घरी तेवढंच करून बघा.’ एका वेळी एकच गोष्ट सांगावी.

मूल मध्येच उठले, पुस्तक उलटे धरले, चार पाने एकदम उलटली तर टोकू नये. चार-पाच वर्षांचे मूल पाठ झालेले पुस्तक ‘वाचल्यासारखे’ करते तेव्हा घरचे लोक म्हणतात, हे खरे वाचन नाही. पालकांना सांगावे की ते वाचनाकडे जाणारे मोठे पाऊल आहे आणि त्याला पूर्ण ऐकून घ्यावे.

पुस्तक घरी देणे

प्रत्येक कुटुंबाचे एक कार्ड करावे आणि त्यावर मुलाने स्वतः सही करावी, मग ती सही म्हणजे नुसती गिरगोट असली तरी. ते त्याचे पहिले कामाचे लेखन असते. एका वेळी तीन पुस्तके, दोन आठवड्यांसाठी, कापडी पिशवीत द्यावीत. पिशवीत एक चिठ्ठी असावी, पण सूचनांचा पाढा नसावा. ‘चित्र दाखवा, विचारा, थांबा’ एवढे मोठ्या अक्षरांत पुरते. उशीर झाला तर फोन करून फक्त विचारपूस करावी.

परत आलेली पुठ्ठ्याची पुस्तके सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावीत. कोकणात पावसाळ्यात फळी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. दुरुस्तीसाठी महिन्यातून एक दुपार राखून ठेवावी आणि मोठ्या मुलांना त्या कामात घ्यावे.

जे येत नाहीत त्यांच्यापर्यंत

वाचनालयात येणारी कुटुंबे बहुधा तीच असतात ज्यांच्या घरी आधीच पुस्तके आहेत. विभागाची खरी परीक्षा बाकीच्या घरांशी आहे. ब्रिटनमध्ये बुकस्टार्ट या उपक्रमाची सुरुवात १९९२ मध्ये बर्मिंगहॅममधील सुमारे ३०० कुटुंबांपासून झाली. त्यात बाळाच्या आरोग्य तपासणीच्या वेळी आईला पुस्तकाची पिशवी आणि ग्रंथालयाचे निमंत्रण दिले जात असे. आपल्याकडे याला अगदी जुळणारी संधी आहे. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, आणि त्यासाठी आई बाळाला घेऊन लसीकरण सत्राला येते. आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याशी बोलून त्या दिवशी तिथे एक सतरंजी आणि वीस पुस्तके घेऊन बसावे. लस घेतल्यानंतर काही वेळ तिथेच थांबायला सांगतात. तेवढ्यात एक पुस्तक होते.

अंगणवाडी हा दुसरा मार्ग. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे आणि तीन ते सहा वर्षांची मुले तिथे रोज एकत्र असतात. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन चार-पाच अंगणवाड्यांचा एक गट करावा, प्रत्येकीला तीस पुस्तकांची एक पेटी द्यावी आणि दर महिन्याला पेट्या आपापसांत फिरवाव्यात. अंगणवाडीताईंवर नोंदवह्यांचा भार आधीच मोठा असतो, म्हणून पेटीबरोबर नवी वही देऊ नये. मोजणी वाचनालयाच्या माणसाने पेटी बदलताना करावी. पालकसभेत ताईंनी एक पुस्तक वाचून दाखवावे आणि पुस्तके घरी न्यायला द्यावीत. पेटी कुलुपात राहिली तर दोष ताईंचा मानू नये. पुस्तक हरवल्यास तिच्याकडून भरपाई घेतली जाणार नाही, हे आपण तिला लेखी दिले होते का, ते आधी पाहावे.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वसंतापर्यंत गावी नसतात. अशा कुटुंबाला निघताना पाच पुस्तकांची पिशवी हंगामभरासाठी द्यावी. ज्या साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड कामगारांची कोपी (तात्पुरती झोपडी) पडते, तिथल्या वाचनालयाने पालावर जाऊन गोष्टीचा तास घ्यावा. मुलांबरोबर दिवसभर त्यांची आठ-दहा वर्षांची बहीण असते. ही ताईच तिथली वाचणारी मोठी व्यक्ती, आणि पुस्तक तिच्या हाती द्यावे. तिचेही वाचन त्यातून चालू राहते.

घरची भाषा

मुलाशी त्याच भाषेत बोलावे जी घरातल्यांच्या तोंडी सहज येते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू, गोंडी, वारली, पावरी यांपैकी कोणतीही भाषा घरी असली तरी पुस्तकावरचे बोलणे त्या भाषेत होऊ द्यावे, ‘शुद्ध’ बोला असे म्हणू नये. शब्दसंपत्ती आणि गोष्ट समजण्याची ताकद एका भाषेत वाढली की ती दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी उर्दू चित्रपुस्तके जरूर ठेवावीत, आणि ती उजवीकडून उघडतात हे फळीवर मांडतानाच लक्षात घ्यावे. परदेशांत राहणाऱ्या मराठी पालकांनाही हेच लागू आहे: तेथील ग्रंथालयाच्या इंग्रजी गोष्टीच्या तासाला मुलाला न्यावे आणि घरी त्याच पुस्तकातील चित्रांवर मराठीत बोलावे, त्याने मुलाचे इंग्रजी मागे पडत नाही.

नोंदी आणि वार्षिक अहवाल

किती मुलांना किती अक्षरे येतात, याची नोंद या विभागाने ठेवू नये. तशी नोंद सुरू झाली की गोष्टीचा तास परीक्षेकडे झुकू लागतो आणि ज्यांचे मूल उशिरा बोलते ते पालक येणे बंद करतात. ठेवायच्या नोंदी साध्या आहेत: दर महिन्याला किती कुटुंबे आली, त्यांपैकी किती दुसऱ्यांदा आली, किती पुस्तके घरी गेली, आणि किती कुटुंबे अंगणवाडी किंवा लसीकरण सत्रातून जोडली गेली. यांतील ‘दुसऱ्यांदा आली’ हा आकडा सर्वांत बोलका. त्याशिवाय वर्षातून दोनदा दहा-पंधरा पालकांशी निवांत बोलून घरात काय बदलले ते विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

एखादे मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाकेला वळून पाहत नसेल, तर ग्रंथपालाने निदान करू नये. पालकांना जवळच्या आरोग्य केंद्रात श्रवण तपासणी करून घेण्यास सुचवावे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवले आहे. वार्षिक अहवाल लिहिताना आपल्या विभागाचे काम त्या उद्दिष्टाच्या आधीच्या सहा वर्षांत कुठे बसते हे स्पष्ट लिहावे, अहवालाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि एक ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या विभागाच्या पुस्तकांसाठी व बदली प्रतींसाठी स्वतंत्र शीर्ष (खर्चाची वेगळी नोंद) मागावे. पहिल्या वर्षी रक्कम लहान मिळाली तरी शीर्ष वेगळे असावे, म्हणजे मंडळ बदलले तरी ती तरतूद दरवर्षी चर्चेला येईल.